पाडव्याच्या सुमारास, सुलतान बाजारहून

मार्चच्या मध्यावर तेलंगणातल्या शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात. मुलं दुपारी घरी येतात आणि ऊन कलेपर्यंत त्यांना दम धरवत नाही. हैदराबादेत वसंतातल्या फिरण्याची वेळ ही अशी ठरते: भल्या सकाळी, नाहीतर संध्याकाळी.

सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था इथे १९०७ पासून आहे. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. त्यामुळे घरचा कडुनिंबाचा प्रसाद आणि शेजारच्या तेलुगू घरातली सहा चवींची पच्चडी, दोन्ही पानात पडतात. मग बेत ठरतो बाहेर पडण्याचा.

त्यासाठी लांब जायलाच हवं असं नाही. बाजाराला लागूनच कोठीची जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिकने ती बांधवली. खैरुन्निसा या हैदराबादी बेगमेशी त्याने लग्न केलं होतं. १९४९ पासून या वास्तूत मुलींचं महाविद्यालय भरू लागलं.

तिथून मुसी नदीच्या काठापर्यंत पायीही जाता येतं. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात तिच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसं वाचली, असं सांगतात. मुलांना हे झाड आवर्जून दाखवावं. त्या पुरानंतर निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या आणि खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणाऱ्या या अभियंत्याने पूर अडवण्यासाठी धरणांची योजना मांडली. त्यातून १९२० मध्ये उस्मान सागर आणि १९२७ मध्ये हिमायत सागर उभे राहिले.

उस्मान सागर म्हणजेच गंडीपेट. त्याचं पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडत नाही, असं इथे म्हणतात. रविवारी सकाळी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीभात बांधून घ्यावा आणि उन्हं चढायच्या आत तलावाकाठी पोचावं.

उन्हाच्या दिवशी पब्लिक गार्डन बरं. ७ फेब्रुवारी २०२० पासून सुलतान बाजारला मेट्रो थांबते. पुढच्याच महात्मा गांधी बस स्थानकावर गाडी बदलली की असेंब्ली स्थानकाजवळ ही बाग येते. तिथल्या राज्य संग्रहालयात मुलं इजिप्तची ममी पाहायला धावतात. मोठ्यांनी मात्र अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींपुढे थोडं थांबावं. या प्रतिकृती झाल्या तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होता. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने लेण्यांची देखभाल केली आणि चित्रांच्या नकला करवून घेतल्या. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. औरंगाबाद, परभणी, नांदेडहून इथे आलेल्यांच्या नातवंडांना आजोळचा हा धागा त्या दालनात प्रत्यक्ष पाहता येतो.