टिळकांच्या घरातील वारसा



मुलांना धर्म कोठे शिकवावा? देवळात, चर्चमध्ये, शाळेत की घरी? आपल्या मॉरिशस बेटावर हा प्रश्न पुष्कळ आईबापांना पडतो. मुले शाळेत इंग्रजी व फ्रेंच शिकतात, अंगणात क्रिओल बोलतात. आजीची प्रार्थना त्यांना पाठ असते, पण तिचा अर्थ कळत नाही. अशा वेळी महाराष्ट्रातील एका ख्रिस्ती कुटुंबाची हकीकत आपणा सर्वांना, मग आपला धर्म कोणताही असो, उपयोगी पडेल.

हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज ज्या रत्नागिरीकडून आले, त्याच जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली कवी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नी लक्ष्मीबाईंवर जणू आकाश कोसळले. त्या कडक सोवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरातील. लहानग्या दत्तूला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या.

पुढे त्या नवऱ्याकडे नांदायला आल्या, पण धर्म मात्र आपला ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. माणसामाणसांतील जातिभेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हा सोवळे आपोआप सुटले. १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. टिळकांच्या नगरच्या घरी काही काळ राहिलेले बालकवी ठोंबरे शेवटपर्यंत हिंदूच राहिले, हेही येथे सांगितले पाहिजे.

टिळक अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत. परंतु धर्म परदेशातून आला म्हणून त्याची भाषाही परकी असावी, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग रचले, भजने लिहिली, कीर्तनाची जुनी परंपरा आपलीशी केली. टाळमृदंगाच्या साथीने गाता येईल असे ते मराठी होते. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून गाइली जातात. मूल जे आईच्या तोंडून ऐकते, ते त्याच्या ओठांवर सहज बसते.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. येशूच्या चरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे सुमारे अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. तरी त्यांनी चौसष्ट अध्याय स्वतः रचून ते पुढे नेले. हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली प्रसिद्ध झाले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी निघू लागली. १९३६ साली त्या गेल्या, तेव्हा राहिलेला भाग लिहिला तो त्याच दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी. पुढे नातू अशोक टिळक यांनी त्या पुस्तकाचे संपादन केले.

नवऱ्याचे अपुरे काम बायकोने हाती घेतले, आईचे मुलाने, आजीचे नातवाने. शिक्षक या नात्याने मला यात मोठा धडा दिसतो. मुलाकडून नुसते पाठांतर करून घेतले, तर परीक्षा संपताच तो विसरतो. त्याला घरच्या कामात वाटेकरी केले, तर ते काम त्याचे होते. आणि त्याला शंका विचारू दिल्या, तर त्याची श्रद्धा त्याची स्वतःची होते. लक्ष्मीबाईंना वेळ मिळाला, म्हणूनच त्यांची श्रद्धा पक्की झाली.

एके काळी अमेरिकेहून मिशनरी नगरला येत. आज मराठी माणसे नोकरीसाठी अमेरिकेला जातात. वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनसारख्या गावी राहणारे मराठी आईबाप काय किंवा आपण बेटवासी काय, रविवारचा एक तास किंवा वर्षाचा एक सण मुलांना पुरणार नाही. पुस्तक घरात असावे, गाणे घरात असावे, आणि दोन्ही मराठीत असावीत.

रोज रात्री जेवणानंतर मुलाने आजीला एक पान वाचून दाखवावे आणि आजीने त्याचा अर्थ सांगावा. एवढे तरी या आठवड्यापासून आपण सुरू करू या.