माधवाचा ध्यास

भंडारा जिल्ह्याच्या दप्तरी १९९९ पर्यंत असलेले व त्या वर्षी नव्या गोंदिया जिल्ह्यात गेलेले आमगावनजीकचे पद्मपूर हेच भवभूतीचे मूळ गाव होय, असा निर्णय महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दिला. आणि प्रेमाच्या अनावर ध्यासाचे मानसशास्त्र समजून घेण्यास आठव्या शतकातील त्या नाटककाराच्या ‘मालतीमाधवा’इतका समर्थ साक्षीदार मला तरी दुसरा दिसत नाही. राजाच्या मर्जीतील नंदनाशी मालतीचा विवाह ठरताच तिच्यावर अनुरक्त झालेला माधव स्मशानात जाऊन पिशाचांना नरमांस विकावयास निघतो, आणि पुढे ती नाहीशी झाल्यावर अरण्यात मेघालाच तिची वार्ता विचारतो.

अभिलाषेपासून उन्माद, व्याधी, जडता व मरणापर्यंतच्या दहा कामदशा आपल्या साहित्यशास्त्राने सांगितल्याच होत्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९ मध्ये या अवस्थेस ‘लिमरन्स’ हे नाव देऊन तिचे जे मर्म दाखविले ते असे की, आशा आणि शंका यांच्यामध्ये मन टांगलेले असते तोवर हा ध्यास पोसला जातो, आणि प्रतिसादाची खात्री पटली किंवा आशेचा धागाच तुटला म्हणजे तो ओसरू लागतो. नंदनाचा अडसर माधवाच्या प्रेमाला रोखीत नाही, चेतवितो. मला यात भवभूतीची मानवी मनाची विलक्षण जाण दिसते.

या ध्यासाची खूण शरीरातही दिसते का, हे पाहण्यासाठी पिसा येथील संशोधक दोनातेल्ला मरात्सिती व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या वीस जणांचे रक्त तपासले, तेव्हा सेरोटोनिन या द्रव्याची ने-आण करणारे प्रथिन त्यांच्या रक्तबिंबिकांत मंत्रचळाच्या रुग्णांइतकेच कमी आढळले. वर्षभरानंतर ज्यांची पुन्हा तपासणी झाली, त्यांच्यात ते पूर्ववत झाले होते.