उपनगरी आखाड्यातील वादळी सॅक्सोफोन

गेल्या शतकाच्या अखेरीस अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, स्थानकालगतच्या गल्ल्यांतल्या चिंचोळ्या गाळ्यांत, व्हिडिओ गेमची जी पार्लरे शाळकरी पोरांच्या खाऊच्या पैशांवर सुखेनैव नांदत होती, त्यांत ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ या जपानी यंत्राचा दरारा काही निराळाच होता. नाणे टाकावे, तीन योद्ध्यांचा संघ निवडावा आणि पाठीशी दाटलेल्या जमावाचे अनाहूत सल्ले सोशीत दांडी फिरवावी, हा तिथला शिरस्ता. त्या झुंजींच्या आठवणी आजही रंगवून सांगितल्या जातात. संगीताविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही, हा मला सरळ अन्याय वाटतो.

ओसाकाच्या एसएनके कंपनीने १९९४ साली ही मालिका सुरू केली ती संमेलनाच्या कल्पनेवर. ‘फेटल फ्युरी’चा टेरी, ‘आर्ट ऑफ फायटिंग’चा ऱ्यो, ‘सायको सोल्जर’ची अथेना असे आपापल्या खेळांतले वतनदार एका आखाड्यात उतरले, आणि त्यांच्यामागोमाग त्यांच्या धुनाही आल्या. ‘सायको सोल्जर’मध्ये चक्क गायिकेच्या आवाजातले गाणे होते, नव्या मालिकेत त्याचे शब्द गळाले, चाल तेवढी राहिली आणि तिच्यावर नवा साज चढला. हे सारे वाजवणारी यामाहाची वायएम २६१० ही चिप म्हणजे एक लहानसा वाद्यवृंदच : चार स्वर एफएम पद्धतीचे, तीन साध्या लहरींचे, आणि सात मार्ग मुद्रित नादाच्या तुकड्यांसाठी.

१९९७ च्या आवृत्तीत मात्र रचनाकारांनी विलक्षण धाडस केले. बहुतेक लढतींतून त्यांनी संगीत काढूनच टाकले; तिथे उरला केवळ प्रेक्षकांचा आणि परिसराचा कोलाहल. स्वतंत्र धुनेची सनद मिळाली ती मोजक्यांनाच. क्यो कुसानागी हा नायक. त्याच्या धुनेला एसएनकेचे दप्तर जिथे होते त्या एसाका वस्तीचे नाव. इओरी यागामी त्याचा हाडवैरी. त्याचा वादळी सॅक्सोफोन १९९५ पासून बदलत बदलत इथे तिसऱ्या अवतारात वाजतो. कथेतच वाद्यवृंद चालवणारे तिघे नवखे योद्धेही या मानकऱ्यांत आहेत, आणि पुढे तेच खलनायक निघतात! नीरव आखाड्यात इओरी अवतरताच सॅक्सोफोन कडाडे, तेव्हा त्याच्या आगमनाला जे वजन येई, ते अखंड वाजणाऱ्या संगीताने कदापि आले नसते.

आमच्याकडच्या पोरांना या धुनांचे मूळ ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. ‘स्वयंवर’ नाटकासाठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांना चढवल्या, तेव्हा मूळ बंदिश न ऐकलेल्या प्रेक्षकाच्या लेखी पद हेच मूळ ठरले. येथेही तोच प्रकार. रूपांतर म्हणून जे रचले गेले, ते घाटकोपरच्या गाळ्यात अस्सल म्हणूनच कानी पडले, आणि त्यात कोणाचे काही अडले नाही. जाणकाराला ओळख पटल्याचा आनंद मिळतो, हे खरे. परंतु जी चाल त्या आधाराविनाही उभी राहते, तिची पारख अधिक कठोर झालेली असते, असे माझे मत आहे.

याच धुना खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेल्या तबकड्याही जपानात निघाल्या. इथे मात्र आवाजाचा मुखत्यार पार्लरवाला. शेजाऱ्यांची तक्रार आली की तो चावीने खोक्याचे दार उघडी, आतली कळ पिळी, आणि इओरी मुकाट्याने लढू लागे.