दुर्बिणीच्या ऑपरेशनमधला लोलक

"डॉक्टर, दुर्बिणीने ऑपरेशन म्हणजे एक डोळा मिटून आत बघणार काय? आतला रंग तरी नीट दिसतो का त्यांना?" पावसच्या एका काकूंनी परवा दवाखान्यात विचारले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेले, जेवल्यावर बरगडीखाली कळा. पण ऑपरेशनला मन तयार होईना.

काकूंची शंका अगदीच चुकीची नाही. पूर्वी सर्जन खरोखरच नळीला डोळा लावून बघत. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. भारतात हे ऑपरेशन प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केले. आता दुर्बिणीच्या टोकाला कॅमेरा असतो आणि सर्वजण पडद्यावर पाहतात.

हात पोटात जात नाही, त्यामुळे पडद्यावर दिसेल त्यावरच भिस्त. पित्ताशय निळसर-हिरवट, चरबी पिवळी, रक्त लाल. हे रंग एकमेकांत मिसळले तर घोटाळा.

शाळेत लोलकातून ऊन पाडून 'तानापिहिनिपाजा' पाठ केलेले आठवते ना? उत्तम प्रतीच्या कॅमेऱ्यांत लोलकच असतात, मात्र तेथे इंद्रधनुष्य पाडत नाहीत. दोन-तीन लोलक एकमेकांना जोडून मध्ये अतिशय पातळ लेप दिलेले असतात. एक लेप निळा प्रकाश परतवतो, दुसरा तांबडा. हिरवा सरळ पुढे जातो. तिघांसाठी तीन वेगळ्या चिप. त्यांचे संदेश एकत्र करून पडद्यावर चित्र उमटते. तीनच रंग पुरतात, कारण आपल्या डोळ्यांतही रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या आहेत.

एका चिपच्या कॅमेऱ्यात (तुमच्या मोबाइलमध्ये असतो तसा) प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतात. अलीकडे तेही पुष्कळ सुधारले आहेत. म्हणून "कॅमेरा किती चिपचा?" असे सर्जनना विचारू नका! कितीही चांगला कॅमेरा असला तरी चरबी बाजूला करून, पित्ताशयात दोनच वाहिन्या शिरतात याची खात्री झाल्यावरच त्या कापायच्या असतात. चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली तर फार मोठी आपत्ती. शंका वाटली, तर पोट उघडून ऑपरेशन पुरे करण्यातच शहाणपण आहे. ते अपयश समजू नये.

खडा घसरून मुख्य पित्तनलिकेत अडकला तर डोळे पिवळे होतात, लघवी गडद, शौच पांढुरकी. अशा वेळी आपल्याकडे कावीळ 'उतरवायला' नेतात. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळे होते; निरोगी माणसाचेही होते. खडा मात्र जागचा हलत नाही.

काकूंचे डोळे स्वच्छ होते. "हापूसचा हंगाम आटोपू दे," म्हणाल्या. मी म्हटले, "लांबवू नका. आणि थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा कळ थांबेना, तर माझ्याकडेही थांबू नका. त्याच रात्री गाडी करून रत्नागिरी गाठा."