डोळा लाल झाला म्हणजे ‘डोळे आले’च का? युव्हायटिस कसा ओळखतात आणि उपचार काय?

२०२३ च्या जुलैमध्ये पुण्याजवळच्या आळंदीत डोळे येण्याची साथ आली आणि बघता बघता राज्यभर पसरली. पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या दाटीवाटीच्या शहरांत असे रुग्ण वाढतातच. बहुतेकांचे डोळे आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होतात. त्यामुळे डोळा लाल झाला की मेडिकलमधून ड्रॉप्स आणायचे, गॉगल लावायचा आणि नेहमीची लोकल पकडायची, ही सवयच पडली आहे.

पण या लाल डोळ्यांच्या गर्दीत एक आजार असाही असतो, जो साथीचा नसतो आणि जवळ बसल्याने दुसऱ्याला होत नाही. मात्र वेळेत ओळखला नाही, तर तो नजर कायमची अधू करू शकतो. त्याचं नाव युव्हायटिस.

युव्हायटिस म्हणजे काय?

डोळे येतात तेव्हा पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला सूज येते. युव्हायटिसमध्ये सूज डोळ्याच्या आत असते. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, त्यामागचा स्नायूंचा भाग आणि डोळ्याच्या मागच्या बाजूचा रक्तवाहिन्यांचा थर, या तिन्हींना मिळून ‘युव्हिआ’ म्हणतात. यातल्या कुठल्याही भागाला सूज येऊ शकते. विशी ते साठीदरम्यान, म्हणजे ऐन कमावत्या वयात हा आजार जास्त दिसतो.

दोन्हींत फरक कसा करायचा?

डोळे आले की खाज सुटते, चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात. नजर सहसा शाबूत राहते. युव्हायटिसमध्ये चिपडं नसतात. डोळा आतून ठणकतो, उजेड सहन होत नाही, लाली बुबुळाभोवती जास्त असते आणि धूसर दिसतं. सूज मागच्या भागात असेल तर डोळा लाल न होताही डोळ्यांसमोर काळे ठिपके तरंगतात. संधिवात असलेल्या लहान मुलांमध्ये तर ना दुखणं, ना लाली. म्हणून अशा मुलांचे डोळे तक्रार नसतानाही ठरावीक काळाने तपासावे लागतात.

निदान कसं होतं?

पहिली तपासणी गल्लीतल्या नेत्रतज्ज्ञाकडेही होते. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रातून प्रकाशाचा बारीक झोत डोळ्यात सोडतात. कवडशात धुळीचे कण दिसावेत, तशा सूज आलेल्या डोळ्यात पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात. मग बाहुली मोठी करणारं औषध घालून मागचा पडदा बघतात, गरज पडल्यास ओसीटी स्कॅन करतात.

अवघड भाग असतो कारण शोधण्याचा. पहिल्यांदाच, एकाच डोळ्यात, पुढच्या भागात आणि सौम्य सूज असेल तर फार चाचण्या लागत नाहीत. ती वारंवार, दोन्ही डोळ्यांत किंवा मागच्या भागात असेल, तर रक्ततपासण्या आणि छातीचा एक्स-रे करतात. भारतात क्षयरोगाची शक्यता तपासावीच लागते. खोकला नसतानाही क्षयामुळे डोळ्याला सूज येऊ शकते. तरुण रुग्णाची कंबर सकाळी आखडत असेल, तर मणक्याच्या संधिवाताचा संशय येतो. बऱ्याच रुग्णांमध्ये मात्र सगळ्या चाचण्या करूनही कारण सापडत नाही.

पुराच्या पाण्याचा काय संबंध?

२६ जुलै २००५ चा पूर ठाणे-कल्याणकर विसरलेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. अशा पाण्यातून चालल्यावर होणारा लेप्टोस्पायरोसिस तापापुरता सगळ्यांना माहीत आहे. पण ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी त्याच आजारामुळे युव्हायटिस होऊ शकतो. तमिळनाडूतल्या मदुराईत १९९३ च्या अखेरच्या पुरानंतर, १९९४ मध्ये अशा रुग्णांची लाटच आली होती. त्यामुळे पावसाळ्यातला ताप, घरातला क्षयरुग्ण, कंबरदुखी, तोंडात सारखे येणारे फोड, या डोळ्याशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या गोष्टीही डॉक्टरांना सांगायला हव्यात.

उपचार काय?

पुढच्या भागातल्या सुजेवर स्टेरॉइडचे ड्रॉप्स देतात; सुरुवातीला अगदी तासातासाला, मग हळूहळू कमी करत. सोबत बाहुली मोठी ठेवणारे ड्रॉप्स असतात. त्यांनी दुखणं कमी होतं आणि रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटत नाही. सूज मागे असेल तर इंजेक्शन किंवा गोळ्या लागतात. कारण क्षय असेल तर क्षयाची पूर्ण औषधं घ्यावी लागतात. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत मिळतात.

आजार लांबला तर स्टेरॉइडचा डोस कमी करता यावा म्हणून मेथोट्रेक्सेटसारखी औषधं देतात. अरविंद नेत्र रुग्णालयांचा सहभाग असलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, महागडं मायकोफेनोलेट हे स्वस्त मेथोट्रेक्सेटपेक्षा सरस ठरलं नाही. त्यापुढची पायरी अ‍ॅडालिमुमॅबच्या इंजेक्शनची. त्याची स्वस्त भारतीय आवृत्ती २०१४ पासून उपलब्ध आहे. ते सुरू करण्याआधी क्षयाची चाचणी करणं गरजेचं असतं.

मेडिकलमधून ड्रॉप्स आणले तर?

इथेच मोठा धोका आहे. साध्या वाटणाऱ्या अनेक ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, त्यामुळे औषध लागू पडलं असं वाटतं. पण नागीण वर्गातल्या विषाणूचा संसर्ग असेल तर तो त्यानेच बळावतो. महिनोन्‌महिने वापरलं तर मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उलट युव्हायटिसचे ड्रॉप्स बरं वाटलं म्हणून मध्येच बंद केले, तर सूज दुप्पट जोराने उलटते.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

डोळा लाल असताना दुखत असेल, उजेड खुपत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावं. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा मुंबईचं जे. जे. रुग्णालय अशी वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली सरकारी-पालिका रुग्णालयं आहेत. आणि जाताना आधी घातलेल्या ड्रॉप्सची बाटली सोबत न्यावी. काय घातलं होतं, हे कळलं की डॉक्टरांचं निम्मं काम सोपं होतं.