माशाचं तोंड बघून गळ बांधा

मुळा धरणाच्या काठावर गळ टाकायला येणारी पोरं आधी विचारतात, काठी कोणती घ्यावी? मी उलट विचारतो, "मासा कोणता धरायचाय?" मला गळ बांधायला शिकवणाऱ्या मामांचा हाच नेम होता. मासा पाण्याच्या कोणत्या थरात चरतो आणि त्याचं तोंड कसं आहे, हे कळलं की काठी, तंगूस, गळ, शिसं सगळं त्यावरून ठरतं.

बारागाव नांदूरचा हा ज्ञानेश्वरसागर भरला की २६ टीएमसी पाणी धरतो. त्यातले कटला, रोहू आणि मृगळ एकाच कुळातले, पण तिघांची जेवायची जागा वेगळी. कटल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं. तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला. तो तळाचा गाळ चाळतो. चिलापीचं तोंड लहान, तर मरळीच्या जबड्यात दात. या सगळ्यांना एकच जोडणी पुरणार कशी?

नवख्याने दहा-बारा फुटांची वाळलेली कळकाची काठी घ्यावी. तिचा शेंडा लवला पाहिजे, म्हणजे माशाचा हिसका तो सोसतो आणि तंगूस वाचतं. तंगूस नुसतं शेंड्याला बांधू नये. ते काठीला वेढे देत निम्म्यापर्यंत आणून तिथे पक्कं करावं. मग शेंडा मोडला तरी मासा सुटत नाही.

रोहू-मृगळासाठी ०.३० मिलिमीटर जाडीचं तंगूस पुरतं, चिलापीला ०.२० बस्स. गळाचा नंबर वाढत जातो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवावं. चिलापीला दहा-बारा नंबरचा गळ आणि गांडूळ, रोहूला सहा-आठ नंबर आणि कणकेत पेंड मळून केलेली गोळी.

गाठीला घाई नको. तंगुसाचं टोक गळाच्या डोळ्यातून ओवावं, मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढावं. ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन नेमकं तिथेच कच्चं होतं.

आता बूच आणि शिसं. बुचाचं फक्त टोक पाण्यावर दिसेल इतकं शिसं लावावं. जास्त तरंगणारं बूच ओढताना माशाला जड लागतं आणि तो आमिष थुंकतो. खोली मोजायला गळाला जड शिसं अडकवून टाकावं. बूच बुडालं तर ते वर सरकवावं. आडवं पडलं तर खाली घ्यावं. मृगळासाठी आमिष तळाला टेकलं पाहिजे. शिसं गळाच्या जवळ असेल, तर मृगळ आमिष उचलताना त्याचा भारही उचलतो. मग बूच बुडण्याऐवजी वर येऊन आडवं होतं. तोच काठी उचलायचा क्षण.

थंडीत मासे सुस्तावतात, ओढ हलकी होते. फिनलंड-कॅनडात तर तळी गोठतात. चार अंश सेल्सिअसचं पाणी सर्वांत जड असतं, ते तळाशी राहतं. म्हणून बर्फाखाली मासे जगतात. बर्फ निदान चार इंच जाड झाल्यावरच लोक त्यावर जातात, गिरमिटाने भोक पाडतात आणि दोन-तीन फुटी काठीने गळ सरळ खाली सोडतात. गळ लांब फेकायचा नसतो, म्हणून काठी आखूड. ओढ नाजूक, म्हणून तंगूस बारीक आणि शेंडा हलका. तिथेही जोडणी माशावरूनच ठरते.

धरणातली मासेमारी ठेक्याने दिलेली असते. तेव्हा गळ टाकण्याआधी मच्छीमार संस्थेची परवानगी घ्यावी. तुटलेलं तंगूस काठावर टाकू नये, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. लहान मासा ओल्या हाताने सोडवून पाण्यात द्यावा. आणि महागडी काठी घेण्याआधी एक दिवस नुसतं काठावर बसून मासे कुठे उसळतात, कुठे बुडबुडे येतात ते पाहावं. त्या दिवशी जे कळतं, त्यावरच पुढची सगळी जोडणी उभी राहते.