कृपा आणि पुण्याई

शाळेच्या सभागृहात ‘ग्रेस मार्क’ हा शब्द कोणालाच समजावून सांगावा लागणार नाही. दोन-तीन गुणांनी उत्तीर्ण होणे हुकले, की परीक्षक ते पदरात घालतात. गणितात मी स्वतः असाच एकदा तरलो आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रातील कृपा मात्र निराळी. उरलेली उणीव भरून काढणे हे तिचे कार्य नव्हे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राची शिकवण अशी, की तारण हे समूळ देवाचे दान आहे. माणसाने ते विश्वासाने स्वीकारावे. त्यात पुण्याईचा वाटा नाही, म्हणून बढाईलाही जागा नाही.

हा भेद मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सर्वांत स्पष्ट दिसला. त्यांचे बालपण तीर्थाटनात गेले. पुण्य जोडता जोडता 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील निवर्तले. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. येथे कथा संपावयास हवी होती. पण संपत नाही. 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या कबूल करतात, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ताचा धर्म लाभला होता, ख्रिस्त नव्हे. विधी, प्रार्थना, सदाचरण यांवरच भिस्त होती. जणू जुनाच जमाखर्च नव्या वहीत उतरला होता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, इंग्रज धर्मोपदेशक विल्यम हॅस्लम यांचे आत्मकथन वाचून त्या अंतर्मुख झाल्या. आपण पापी आहोत आणि क्षमा विनामूल्य आहे, या दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच उमगल्या.

तारण विनामूल्य, तर सत्कर्मे कशासाठी? ही शंका जुनी आहे. सोळाव्या शतकात कॅथलिक आणि ल्यूथरपंथी यांच्यात फूट पडली, तिच्या मुळाशी हाच वाद होता. मूलभूत बाबींवरील सहमतीच्या संयुक्त घोषणेवर स्वाक्षऱ्या व्हायला 31 ऑक्टोबर 1999 उजाडावा लागला. कृपा आधी, सत्कर्मे तिचे फळ, असे तिचे सार सांगता येईल. रमाबाईंनी वाद घातला नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना व विधवांना घेऊन आल्या. ज्यांच्याजवळ मोबदल्यात द्यावयास काहीच नव्हते, अशांसाठी केडगावला उभारलेल्या त्या आश्रमाचे नाव त्यांनी ठेवले ‘मुक्ती’.